नाशिकमध्ये बनाना पेस्टल बॉल पायथन : थंडी, कोरडी हवा आणि मॉर्फची निवड

गंगापूररोड_टेरेस

नमस्कार मंडळी. बनाना पेस्टल मॉर्फची (मॉर्फ म्हणजे पैदाशीतून आलेला रंगप्रकार) बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतल्या बिनविषारी छोट्या अजगराची, मादी घ्यायची आहे. वजन १८० ग्रॅम, विक्रेत्याच्या सांगण्याप्रमाणे वय सहा महिने. जमवलेलं सामान असं: ९० × ४५ × ४५ सेंमीचा काचेचा टँक, वर जाळीचं झाकण, टँकखाली चिकटवायचं १४ वॅटचं हीट मॅट, काट्याचं हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारं), खाली अंथरायला लाकडाचा भुसा. खोली वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लागून. जानेवारीत रात्री त्या खोलीत पारा १६ पर्यंत उतरतो, मे महिन्यात दुपारी ३६ ला जातो.

विचारायचं हे: एवढ्यावर भागेल का? त्याच किमतीत विक्रेता बंबलबी मॉर्फचा नर द्यायला तयार आहे, रंग जास्त उठावदार आहे, तो घ्यावा का? आणि "परदेशी साप आहे, कागदपत्रं लागत नाहीत" असं तो म्हणतो, ते बरोबर आहे का?

निफाडची_थंडी

टँक ठेवा, बाकीचं बहुतेक बदला, भुसासुद्धा. आणि साप घरी येण्याआधी बदला, नंतर नाही.

हीट मॅट काच तापवतं, हवा तापवत नाही. खोली १६ वर असताना काचेच्या टँकमधली हवा १८-१९ च्या वर जाणार नाही. सापाचं पोट गरम आणि श्वासात थंड हवा, अशी अवस्था होते. त्यातून खाणं बंद होतं आणि पुढे छाती धरते. या सापाला थंड बाजूला २५ ते २७, गरम बाजूला ३१ ते ३३ अंश लागतं आणि रात्रीही २४ च्या खाली जाऊ देऊ नये. मूळ मुलूख पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा, घाना, टोगो, बेनिनसारख्या देशांचा. तिथे तो वारुळात आणि उंदरांच्या बिळात राहतो. तिथलं तापमान दिवस-रात्र फारसं हलत नाही, नाशिकच्या खोलीत मात्र ते दहा-बारा अंशांनी हलतं.

तुमच्या मापाच्या टँकसाठी १०० वॅटचा सिरॅमिक हीट एमिटर (फक्त उष्णता देणारा बल्ब) घ्या. तो उजेड देत नाही, त्यामुळे रात्रीही चालतो. होल्डर चिनी मातीचाच हवा. बल्बचा प्लास्टिक होल्डर या उष्णतेत वितळतो आणि तिथून आग लागते. एमिटर आत लावत असाल तर भोवती बारीक जाळीचा पिंजरा करा. साप गरम वस्तूला विळखा घालून बसतो आणि भाजतंय हे त्याला वेळेत कळत नाही. गरम होणारे नकली दगड मिळतात, ते याच कारणाने घेऊ नका.

थर्मोस्टॅटशिवाय एमिटर लावायचाच नाही. उबवणी यंत्राला लावतात तो डिजिटल कंट्रोलर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतो. ३२ वर सेट करा, फरक १ अंशाचा ठेवा. प्रोब (कंट्रोलरचं तापमान मोजणारं टोक) एमिटरच्या बरोबर खाली, सापाच्या पाठीच्या उंचीवर, झिप टायने पक्का बांधा. आत कुठेही चिकटपट्टी वापरू नका, ती खवल्यांना चिकटली की कातडीसकट निघते.

या स्वस्त कंट्रोलरचा एक दोष माहीत असू द्या. आतला रिले (चालू-बंद करणारा स्विच) कधीकधी "चालू" अवस्थेतच अडकतो. मग एमिटर बंदच होत नाही आणि टँकची भट्टी होते. म्हणून त्याच वायरवर दुसरा कंट्रोलर जोडा, ३५ वर सेट केलेला. पहिला अडकला तर दुसरा तोडतो. हा खर्च टाळू नका.

टँकच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचेला बाहेरून २५ मिमी थर्माकोल लावा. उष्णता धरून राहते आणि तिन्ही बाजू झाकल्यामुळे सापही शांत राहतो. हा साप उघड्यावर बिचकतो. लपायला दोन जागा हव्यात, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. दोन्ही सारख्या आणि इतक्या घट्ट की अंग भिंतींना टेकेल. एकच जागा दिली तर तो ऊब आणि लपणं यांतलं लपणं निवडतो आणि दिवसेंदिवस थंडीत बसून राहतो. मोठेपणी मादी ४ ते ५ फूट होते, तेव्हा १२० × ६० सेंमीचा प्लायचा किंवा पीव्हीसीचा बॉक्स लागेल.

पश्चिमेची भिंत मात्र टाळाच. उन्हाळ्यात टँक खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीशी, जमिनीजवळ ठेवा. खोली ३३ च्या वर गेली की एमिटर बंद. टँकच्या आत ३५ च्या वर फार वेळ जाऊ देऊ नका, साप थंडीपेक्षा उष्णतेने लवकर मरतो. खोलीत डेझर्ट कूलर लावला तर हवा गार होते आणि ओलही मिळते. फक्त झोत टँकवर नको.

क्लच_नोंदवही

बंबलबी घेऊ नका. बंबलबी म्हणजे पेस्टल आणि स्पायडर यांची जोडी, आणि अडचण स्पायडरमध्ये आहे. स्पायडर जनुक १९९९ पासून पैदाशीत आहे. हे जनुक असलेल्या प्रत्येक सापाला कमीजास्त प्रमाणात तोल राखता येत नाही, याला वॉबल म्हणतात. मान वाकडी होते, डोकं गोल फिरतं, भक्ष्यावर झेप घेताना नेम चुकतो, काही उताणे पडले की सरळ होऊ शकत नाहीत. कारण आतल्या कानाच्या रचनेत आहे. औषध नाही, आणि चांगल्या देखभालीने तो जात नाही. शांत असताना दिसत नाही, ताणात आणि खाताना दिसतो. म्हणून दुकानात वेटोळं घालून बसलेला साप ठणठणीत वाटतो.

नावं नीट ओळखायला शिका, कारण विक्रीच्या नावात स्पायडर शब्द येत नाही. बंबलबी, किलर बी, हनीबी, क्वीन बी, स्पिनर: या सगळ्यांत स्पायडर आहे. शॅम्पेन आणि वोमा या जनुकांनाही असाच त्रास असतो. सुपर सिनॅमनमध्ये पाठीचा कणा वाकलेला आणि बदकासारखं चपटं तोंड दिसू शकतं. कॅरॅमल अल्बिनोतही कण्याचे दोष येतात. घेताना पाठीवरून बोट हळू फिरवा, मध्येच गाठ किंवा खाच लागली तर सोडून द्या.

बनाना आणि पेस्टल या दोन्ही जनुकांना असा त्रास जोडलेला नाही. तुमची निवड योग्य आहे. बनाना मोठा होताना अंगावर काळे ठिपके येतात, वयाबरोबर वाढतात. तो आजार नाही. पेस्टलचा पिवळा पहिल्या दोन वर्षांत बराच मंदावतो. फोटोतल्या पिल्लाचा रंग प्रौढ सापात तसाच राहील, या अपेक्षेवर पैसे मोजू नका.

"हेट" या शब्दावर लोक सर्रास फसतात. हेट म्हणजे जनुकाची एकच प्रत असलेला, रंग न दिसणारा साप. अल्बिनो, पायबाल्ड, क्लाउन ही अप्रभावी जनुकं. दोन प्रती मिळाल्या तरच रंग दिसतो. अल्बिनो हा पहिला सिद्ध झालेला मॉर्फ, बॉब क्लार्क यांनी १९९२ मध्ये पैदास करून दाखवला. दोन हेट जोडले तर सरासरी चार पिल्लांत एक रंगीत, दोन हेट, एक साधं. रंगीत नसलेल्या तिघांत दोन हेट असतात, म्हणून त्या प्रत्येकाला "६६ टक्के हेट" म्हणतात. डोळ्यांनी त्यातलं कोणतं खरं हेट हे कुणालाच ओळखता येत नाही. पाळायला एकच साप घ्यायचा असेल तर हेटसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. पेस्टल आणि बनाना एका प्रतीतच दिसतात, तिथे हा प्रश्न येत नाही.

विक्रेत्याकडून तीन गोष्टी मागा: शेवटच्या पाच खाण्यांच्या तारखा, खाताना काढलेला व्हिडिओ, आणि काट्यावर ठेवून आजचं वजन. "खातो हो नेहमी" हे उत्तर पुरेसं नाही. जिवंत खातो की मेलेलं, माऊस (लहान पांढरा उंदीर) की रॅट (मोठा पांढरा उंदीर), तेही विचारा. त्याच्याकडे जे चालतं तेच पहिले दोन महिने चालवायचं आहे.

कलम_४९

कागदपत्रं लागतात. बॉल पायथन साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट दोनमध्ये आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये २०२२ ला दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि साइट्सच्या यादीतले प्राणी त्यात अनुसूची चारमध्ये आले. पुढे २८ फेब्रुवारी २०२४ ला नोंदणीचे नियम निघाले. जुन्या पाळणाऱ्यांना सहा महिन्यांची मुदत होती. आता नवीन प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर अर्ज करायचा असतो. अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. जन्म, मृत्यू आणि हस्तांतर हेही कळवावं लागतं.

विक्रेत्याकडे स्वतःच्या नावची नोंदणी नसेल तर तो तुमच्या नावावर हस्तांतर कसं दाखवणार? नोंदणीचा दाखला आधी पाहा, त्यावरचं प्राण्याचं वर्णन जुळवा, मग पैसे द्या. "नंतर करून देतो" म्हणाला तर परत फिरा.

आणि स्वस्तात "अजगराचं पिल्लू" म्हणून आपल्याकडचा अजगर किंवा मांडूळ दाखवला तर हातही लावू नका. ते इथले संरक्षित साप आहेत, पाळणं हा गुन्हा आहे आणि त्याला नोंदणीची पळवाट नाही.

गंगापूररोड_टेरेस

सर्वांचे आभार. बंबलबीचा विचार सोडला, दाखला मागितला आहे. आता दोन गोष्टी राहिल्या. भुसा नको म्हणता तर खाली काय घालू, आणि ओल किती व कशी ठेवायची? आणि खाणं: विक्रेता उंदराची पिल्लं देतो म्हणतो, पण ती संपली तर बाजारातलं बोनलेस चिकन चालेल का? घरामागे द्राक्षाचा मळा आहे, तिथे उंदीर भरपूर आहेत.

निफाडची_थंडी

भुशाची धूळ नाकात जाते आणि देवदार-पाइनसारख्या लाकडातली तेलं सरपटणाऱ्या प्राण्यांना बाधतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) घ्या. द्राक्ष आणि पॉलिहाउसवाल्यांमुळे नाशिकमध्ये ते कुठेही मिळतं. मागताना "धुतलेलं, कमी ईसीचं, खत न मिसळलेलं" असं मागा. ईसी म्हणजे क्षारांचं माप, न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार फार असतो. तुमच्या टँकला ८ सेंमी थर लागतो, म्हणजे साधारण ३२ लिटर. ५ किलोची वीट भिजल्यावर ६० लिटरच्या वर फुगते, म्हणजे अर्धी वीट झाली. भिजवून मुठीत दाबा: पाणी टपकता कामा नये, पण गोळा झाला पाहिजे.

ओल ६० ते ७५ टक्के. काट्याचं हायग्रोमीटर फेकून द्या, ते पंधरा-वीस टक्क्यांनी सहज चुकतं. डिजिटल घ्या आणि आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोडंसं पाणी घाला, ओल्या वाळूसारखं करा. हायग्रोमीटरसोबत हवाबंद डब्यात ८ तास ठेवा. ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर पाच मिळवून वाचायचं.

फेब्रुवारी ते मे नाशिकची हवा अगदी कोरडी होते आणि जाळीच्या झाकणातून सगळी ओल निघून जाते. झाकणाचा तीन चतुर्थांश भाग ॲक्रिलिक शीटने बंद करा, एमिटरच्या वरची जागा सोडून. वरून फवारत बसू नका. फवाऱ्याने तासभर ९० टक्के दिसतं, मग पुन्हा ३५. पाणी चारही कोपऱ्यांत ओता, आठवड्यातून एकदा लिटर-दीड लिटर. खालचा थर ओला, वरचा कोरडा राहिला पाहिजे. वरचा थर ओला राहिला तर पोटाखालचे खवले लाल-तपकिरी होऊन कुजतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पाणी ओतणं जवळजवळ बंद आणि झाकण निम्मं उघडं. त्या दिवसांत ओल आपोआप येते, कोंडलेली ओल नको.

पिंकी_ते_रॅट

बोनलेस चिकन नाही. त्यात हाड, काळीज, आतडी काहीच नाही. कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं अख्ख्या प्राण्यातून येतात. महिनाभर खाल्लं तरी कमतरता लगेच दिसत नाही, म्हणून लोकांना चाललं असं वाटतं. मळ्यातले उंदीर तर बिलकूल नको. शेतात झिंक फॉस्फाइड आणि ब्रोमाडिओलोन टाकतात, ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर काही दिवस जिवंत फिरतो आणि तो सापाच्या पोटात गेला की सापालाही विषबाधा होऊ शकते. जंतही असतात. पांढरे पाळीव उंदीर, माइस किंवा रॅट, एवढंच.

मादी १८० ग्रॅमची आहे, तर एका वेळचं भक्ष्य वजनाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे १८ ते २७ ग्रॅम. एक प्रौढ माऊस किंवा केस आलेलं रॅटचं पिल्लू. सात दिवसांनी एकदा. ५०० ग्रॅमपर्यंत हेच प्रमाण. त्यानंतर ७ टक्के, पंधरा ते वीस दिवसांनी. पूर्ण वाढ झाल्यावर ५ टक्क्यांपर्यंत, तीन-चार आठवड्यांनी. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा सापासाठी वेगळा ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी वजन लिहा. पाळलेले साप उपाशी राहण्यापेक्षा जास्त खायला मिळाल्याने बिघडतात.

गोठवलेलं भक्ष्य असेल तर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झिपच्या पिशवीत घालून ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात १५-२० मिनिटं. मायक्रोवेव्ह नको, आत शिजतं आणि पोट फुटतं. बॉल पायथन ओठांवरच्या खाचांनी उष्णता ओळखतो, त्यामुळे भक्ष्याचं डोकं ३७-३८ अंश असलं पाहिजे. थंड दिलं तर तो नुसता हुंगून मागे सरतो. दिवे मालवून, रात्री आठनंतर, फूटभर लांब चिमट्याने लपायच्या जागेच्या तोंडाशी धरा. घेतलं नाही तर तिथेच ठेवून अर्धा तास निघून जा. तरी नाही तर फेकून द्या, परत गोठवू नका. पुढचा प्रयत्न सात-दहा दिवसांनी. रोज प्रयत्न केला की साप चिमट्यालाच घाबरायला लागतो, आणि "साप खात नाही" या तक्रारींतल्या बऱ्याच तिथूनच सुरू होतात.

जिवंत उंदीर सोडून निघून जाऊ नका. सापाला भूक नसेल तर उंदीर पाठ कुरतडतो.

नवीन जागेत पहिले सात दिवस खायला नाही, हातातही घ्यायचं नाही. खाल्ल्यावर ४८ तास हात लावू नका. उलटी झाली तर १० ते १४ दिवस उपास, पाणी मात्र असू द्या, आणि नंतर निम्म्या मापाचं भक्ष्य. उलटीमागे बहुतेक वेळा थंड टँक किंवा फार मोठं भक्ष्य असतं, आधी ते तपासा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मोठा साप खाणं सोडू शकतो. वजन टिकून असेल तर घाबरायचं कारण नाही. १० टक्क्यांहून जास्त उतरलं तर डॉक्टर.

पशुवैद्य_सातपूर

थोडं आजारांबद्दल.

श्वासात शिट्टी, तोंडाशी बुडबुडे, मान वर करून तोंड उघडं ठेवणं: हा श्वसनाचा संसर्ग. थंड बाजू दोन अंशांनी वाढवा आणि त्याच आठवड्यात दाखवा. माणसांची प्रतिजैविकं अंदाजाने देऊ नका. अमिनोग्लायकोसाइड गटातली औषधं पाणी कमी प्यायलेल्या सापाच्या मूत्रपिंडावर जातात.

पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके बुडालेले दिसले किंवा साप तासन् तास पाण्यात बसून राहिला तर माइट (रक्त पिणारे बारीक किडे) असू शकतात. कोकोपीट काढून टाका, कोरा कागद अंथरा, लपायच्या जागा उकळत्या पाण्याने धुवा. अंडी फटींत राहतात, म्हणून एकदा धुऊन संपत नाही. सहा आठवडे चालू ठेवावं लागतं. कुत्र्यांचं गोचीड-औषध स्वतःच्या मनाने फवारू नका.

टँक फिनाईलने किंवा डेटॉलने पुसू नका. फिनॉल गटातली रसायनं सापांना विषारी आहेत. पातळ क्लोरहेक्सिडीन वापरा, दहा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा. त्या खोलीत डासांची अगरबत्ती, लिक्विड मशीन, धूप यांपैकी काहीच नको. कीटकनाशक फवारणी तर नकोच.

कात टाकताना आधी डोळे निळसर होतात, नंतर पुन्हा स्वच्छ होतात, त्यानंतर काही दिवसांत कात अखंड निघायला हवी. तुकडे राहिले तर ओलसर टॉवेल घातलेल्या, हवेची भोकं असलेल्या डब्यात २८-३० अंशांवर अर्धा तास ठेवा. डोळ्यावरची जुन्या कातीची टोपी राहिली तर चिमट्याने ओढू नका. पुढच्या कातीपर्यंत ओल नीट ठेवा, तरी राहिली तर आणा.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असतो. हाताळल्यावर साबणाने हात, भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर त्याच्या हातात साप देऊ नका.

घरात दुसरा साप असेल तर नव्याला ९० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. साप तपासणारा डॉक्टर आधी शोधून ठेवा. प्रवासात न्यायचा असेल तर उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा आणि भोकं पाडलेल्या थर्माकोलच्या डब्यात ठेवा. गाडीच्या डिकीत नको.

कलम_४९

डॉक्टरांनी सांगितलं त्यात एक भर. टँकच्या झाकणाला कुलूप लावा. पायथन बोटभर फटीतून निघतो. निघालाच तर सोसायटीत फोटो पाठवून लगेच कळवा, नाहीतर कोणी काठी घेऊन धावेल. आणि याउलटही सांभाळा. घोणस आणि अजगराचं पिल्लू यांत आपल्याकडे लोक नेहमी गफलत करतात. घरात बॉल पायथन हाताळायची सवय झालेल्या माणसाने अंगणातला जाडसर ठिपक्यांचा साप "शांत दिसतो" म्हणून उचलू नये. सर्पमित्राला बोलवा. पाळून कंटाळा आला म्हणून मळ्यात सोडणं हाही पर्याय नाही. हा साप वीस-तीस वर्षं जगतो. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या बॉल पायथन मादीने २०२० मध्ये अंदाजे ६२ व्या वर्षी अंडी घातली होती. घरातल्या कोणाकडे तो पुढे जाईल, हे आजच बोलून घ्या.

गंगापूररोड_टेरेस

दाखला आला, वर्णन जुळतं. टँक खाली हलवला, एमिटर आणि दोन्ही कंट्रोलर लागले. सात दिवसांच्या नोंदी: गरम बाजू कमीत कमी ३०.९, जास्तीत जास्त ३२.८. थंड बाजू पहाटे २२.६ पर्यंत उतरते, खोलीत तेव्हा १७ होते. ओल ६४ ते ७१. लाइट गेली तर काय? इन्व्हर्टर १५० एएचचा आहे.

निफाडची_थंडी

गरम बाजू छान आहे. थंड बाजूला दोन अंश कमी पडताहेत. सेटिंग वाढवू नका, गरम बाजू उगाच ३५ ला जाईल. तुमचं आधीचं १४ वॅटचं मॅट आता कामी येईल: थंड बाजूच्या मागच्या काचेला बाहेरून, थर्माकोलच्या आत लावा, स्वतंत्र थर्मोस्टॅटवर २६ ला. मॅट आणि थर्माकोल यांच्यात कार्डबोर्डचा तुकडा घाला.

१५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, हाती निम्मेच धरा. एमिटर सतत चालू धरला तरी नऊ तास निघतात. पंखे आणि टीव्ही त्याच बॅटरीवर असतील तर तीन-चार. त्याहून लांबलं तर एक लिटरच्या दोन बाटल्यांत गरम पाणी, टॉवेलात गुंडाळून लपायच्या जागेला बाहेरून टेकवून ठेवा, दर दोन तासांनी बदला. टँकवर रजई टाका, हवेला एक कोपरा उघडा. काही तास २० अंशांवर गेले तर निरोगी सापाला काही होत नाही, पण पोटात भक्ष्य असताना होतं. म्हणून महावितरणचा बंदचा मेसेज आला असेल त्याच्या आदल्या दोन दिवसांत खायला घालू नका.

मॅट लावून आणखी चार रात्रींच्या नोंदी टाका. पहाटे पाचचा आकडा २४ च्या वर चार वेळा दिसला की विक्रेत्याला तारीख द्या.